उलटी चालणारी गाडी

बाबा, मंगळावर एक गाडी फिरते आहे. एका विवरातून वर येते, दुसऱ्यात उतरते. आत माणूस नाही, दुरुस्तीला कुणी जाणार नाही. सिरुसेरीच्या ऑफिसात तिच्या चाकांचे फोटो रोज माझ्यासमोर येतात. विवराच्या काठावरचे दगड सुऱ्यासारखे उभे आहेत. पुढची चाकं मागून रेटली जातात, दगड आरपार घुसतो आणि पत्रा फाटत जातो. तसलीच चाकं आम्ही इथे फुटेपर्यंत दगडांवर घासतो. तुम्हीही आवडी गावातल्या लष्करी कारखान्यात रणगाडे मोडेपर्यंत पळवायचात. मोडतोडीचं काम आपल्या दोघांनाही चांगलं जमलं.

क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर अजून डोळ्यासमोर आहे. दिवाळीला तुम्ही मला चावीची गाडी आणली होती. मी ती भिंतीवर आदळली, म्हणून तुम्ही तीच माझ्या कपाळावर आदळलीत. आई मध्ये पडली तर तिचं डोकं ओट्यावर. "रडलास तर आणखी बसेल," तुम्ही म्हणता आणि कमरेचा पट्टा काढता. मी पाठ फिरवत नाही. पाठ दिसली की पट्टा बसतो, हे मला कळलंय. तुमच्याकडे बघत मी मागे मागे सरकतो, टाचेने उंबरा चाचपतो आणि बाहेर पडतो. तुम्ही गेलात तेव्हा मला बरं वाटलं होतं, आणि राग अजून तेवढाच आहे.

मंगळावरच्या गाडीलाही शेवटी उलटं चालवायचं ठरलं. तसं केलं की चाक दगडावर रेटलं जात नाही, ओढलं जातं, कमी फाटतं. ऑफिसात सगळे हसले. मी चहा प्यायला बाहेर गेलो.

काल वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलीच्या हातून सांबाराचं पातेलं सांडलं. मी ओरडलो, स्टीलचा डबा भिंतीवर फेकला. ती घरात मराठी बोलते, पण घाबरली की तमिळ. "अप्पा, अडिक्काद!" मारू नको, एवढंच. मग माझ्यावरची नजर न काढता ती मागे मागे सरकली, टाचेने दार चाचपत. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, असता तरी धाडलं नसतं. संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा मी तिला सांगितलं, नुसता आवाज चढला होता. पट्टा माझ्या हातात होता, बाबा.