बेबीनंदाच्या स्कीची जोडी आणि मस्तगडची शेड

मी, पुष्पाबाई मच्छिंद्र लहाने, वय एकसष्ट, राहणार मस्तगड, जुना जालना, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीत आहे, कोणाची बळजबरी नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं वाचायला मी माझी मीच शिकले. म्हणून वकिलाची भाषा अडली तिथे माझी वापरली आहे.

एक. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी मुलगी बेबीनंदा, सध्या परतूर, हिची. माझ्या मागे जेवणावळी घालू नयेत.

दोन. मागची पत्र्याची शेड. माझे पती फौजेत असताना काश्मीरला बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, पायाला बांधून शिकले आणि त्यांचं मन तिकडेच राहिलं. पेन्शनीत आल्यावर या शेडमध्ये ते फायबरचे कूलर बनवत आणि उरल्या वेळात स्की. माझे दीर तातेराव विचारायचे, "दादा, जालन्यात घसरणार कशावर?"

"तुझ्या टकलावर. बिलकुल गुळगुळीत हाये."

तातेरावांना शेडमध्ये सरकीची पोती भरायची आहेत. त्यांना देऊ नये. शेजारचे बद्रीनाथ आजही तिथे कूलरच्या टाक्या बनवतात. शेड व हत्यारे त्यांची.

तीन. जाऊबाई दुर्गाबाई यांना माझी पैठणी. राग गेला म्हणून नव्हे, त्यांना ती आवडते म्हणून. बेबीनंदा कॉलेजातून बर्फावर गेली तेव्हा मागून घेतलेल्या स्की तिला लांब पडल्या होत्या. आमच्या यांनी तिच्या मापाचं लाकूड तासून ठेवलं. खंडेनवमीला हत्यारं पुजताना जाऊबाईंनी त्या लाकडालाही तेल-कुंकवाची बोटं ओढली. तेलावर इपॉक्सी, म्हणजे थर चिकटवायचं रसायन, धरत नाही. लाकडावर चिकटवलेला काचेच्या कापडाचा थर सालीसारखा सुटून आला. हे नवीन लाकूड तासायला बसले.

चार. त्यातली एक स्की झाली. दुसरी साच्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत होती. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा पंप पिशवीतली हवा ओढून धरतो, तेव्हाच थर दाबून चिकटतात. पंप चालू असतानाच यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून यांना आणलं तेव्हाही शेडमध्ये घरघर चालूच होती. तातेराव म्हणाले, "वैनी, बंद करा ते. घरात माणूस गेलाय."

मी म्हणाले, "आतलं वाळलं न्हाई अजून. चालू द्या."

लोक त्या आवाजातच रडले.

पिशवी मी उघडली, कडा मी घासल्या. तेव्हापासून जोडी शेडमध्ये उभी आहे. बेबीनंदा दर हिवाळ्यात "पुढच्या वर्षी नक्की" म्हणते. तातेरावांना ती यांच्या फोटोखाली हार घालून लावायची आहे. बाजारात निघाले तरी मी अर्ध्या वाटेवरून माघारी येते, शेडची कडी बघते, परत निघते. हळद-कुंकू, हार, खिळा यातलं काहीही त्या जोडीला लागू नये.

पाच. सदर जोडी माझ्या पश्चात बेबीनंदा हिला द्यावी. (हे कलम मी खोडले आहे.)

सही: पुष्पाबाई मच्छिंद्र लहाने

साक्षीदारांची नोंद: कलम पाच पुष्पाबाईंनी आमच्यासमोर खोडले. कारण विचारता म्हणाल्या, "मी मेल्यावर जोडी भेटली तर बेबीनंदासुद्धा हारच घालील. उद्या सकाळच्या गाडीनं परतूरला नेते. तिनं बर्फावर जायचं तिकीट काढल्याबिगर माघारी येत न्हाई." जोडी गोणपाटात बांधायला आम्ही हात लावला.

साक्षीदार: बद्रीनाथ गाढेकर, उषाबाई शेजूळ

जालना, दि. २ डिसेंबर २००३