रोसाचे अकरा आठवडे

लीड्स,
९ मार्च १९८९

प्रिय उल्का,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. सकाळपासून काही धड होत नाहीये. चहा केला तो प्यायचा राहिला, इस्त्री चालूच ठेवून खाली आले. तुझी मीनल छान आहे. वरचा दात पडला, स्पेलिंगमध्ये दहापैकी नऊ मिळाले. तू आजारी पडलीस आणि सहा आठवड्यांसाठी म्हणून तिला माझ्याकडे सोडून गेलीस, त्याला सव्वा वर्ष झालं. मागच्या उन्हाळ्यातला एकही कपडा तिला येत नाही. पण आज मला शेजारच्या मिसेस हॅरिसनबद्दल लिहायचंय. शेवटपर्यंत वाच.

त्या मूळच्या डच, नाव व्हिल्मा. युद्धानंतर इंग्रज सैनिकाशी लग्न करून यॉर्कशरला आल्या. जानेवारीत त्यांना एक पत्र आलं, मोतीबिंदूमुळे वाचता येईना म्हणून मला बोलावलं. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होतं तेव्हा त्यांच्या शेतावर घरच्यांनी एका ज्यू मुलीला दोन वर्षं लपवलं होतं. त्याबद्दल कुटुंबाचा सन्मान होणार होता, समारंभाला बोलावलं होतं; नाव त्या मुलीनेच, रोसाने, सुचवलं होतं. मी अभिनंदन करायला गेले तर म्हणाल्या, “ठेवून दे ते, शैला. मला जायचं नाही.”

मग चार-पाच भेटींत थोडंथोडं सांगितलं. रोसा आली तेव्हा तीन वर्षांची, व्हिल्मा एकोणीसच्या. गावात सांगितलं, मावसबहीण आहे. झडतीला कुणी आलं की तिला घेऊन गवताच्या गंजीत पडून राहायचं, तोंडावर हात ठेवून. पोरीला खोकला झाला की सगळ्या घराचा जीव टांगणीला. ती त्यांच्याच कुशीत झोपायची, त्यांनाच आई म्हणू लागली.

युद्ध संपलं, आणि जूनमध्ये फाटकाशी एक बाई आली. डोक्यावरचे केस नुकते वाढू लागलेले. रोसाची आई. नवरा छळछावणीतून परत आला नव्हता. व्हिल्मा घरात एकट्या, रोसा आत झोपलेली. त्यांनी सांगितलं, मुलीला दुसरीकडे हलवलं, कुठे ते माहीत नाही. बाईने आभार मानले आणि निघून गेली. घरात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अकरा आठवड्यांनी ती बाई व्हिल्माच्या वडिलांना रस्त्यात भेटली, तेव्हा उलगडा झाला. त्यांनी त्याच दिवशी रोसाला तिच्या हवाली केलं. पोरीने आईला ओळखलंच नाही.

मी विचारलं, असं का केलंत. म्हणाल्या, “तिला घर नव्हतं, खायला नव्हतं. माझ्याकडे पोर सुखात होती. मी पोरीचं भलंच बघतेय असं मला खरंच वाटायचं.” उल्का, मला पुढे तिथे बसवेना.

गेल्या महिन्यात त्यांनी रोसाला खरं कळवायचं ठरवलं. त्या सांगत गेल्या, मी लिहिलं. काल उत्तर आलं. रोसा लिहिते, आई फाटकाशी आली त्याच दिवशी तिला कळलं होतं, की मी तिथेच आहे. परसातल्या दोरीवर तिने स्वतः शिवलेला फ्रॉक वाळत होता, खाली नवी पट्टी जोडून लांब केलेला. ज्यांनी पोर जगवली त्यांच्याशी भांडायचं कसं, हे तिला सुचलं नाही. ती दर रविवारी त्या रस्त्यावर येऊन उभी राहायची, लांबून तरी दिसते का बघायला. मिसेस हॅरिसननी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. सन्मानाला जायचं की नाही, त्यांचं अजून ठरत नाही.

आता माझं. मीनलला वर्षाच्या मध्येच हलवू नका, असं शाळेने कधीच सांगितलं नव्हतं. ते मी रचलं. तू रविवारी फोन करतेस तेव्हा ती बहुतेक वेळा माझ्यासमोरच असते. झोपलीय, पार्टीला गेलीय, हे मी सांगते. तू ऑक्टोबरपासून कामावर जातेस, बरी आहेस, तरी तुझ्या नवऱ्याला, गिरीशना, मी म्हणत राहिले की तुला झेपणार नाही. गेल्या महिन्यापासून ती मला, इथली मुलं आईला म्हणतात तसं, ‘मम’ म्हणते. “मम, मी आला,” असं दारातूनच सांगते. मी ‘आला’चं ‘आले’ करून दिलं, ‘मम’ तसंच राहू दिलं. शनिवारी, अठरा तारखेला, सकाळच्या गाडीने तिला घेऊन येते. एक वाजता किंग्ज क्रॉस स्टेशनवर ये. ती रडेल, कदाचित तुझ्याकडे यायचीही नाही. तिचा हात सोडू नकोस. मी थांबणार नाही, लगेच परतीच्या गाडीत बसेन. मला काय बोलायचं ते नंतर बोल.

तुझीच,
शैलाताई