हॉप्सची पत्ती आणि तुझी सर्दी

आई, मी ओट्यापाशी दोन पाकिटं घेऊन उभी आहे आणि कुठलं फोडावं ते ठरत नाही. मी घरी बीअर करते, हे तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी हा नाद लागला. आधी मला बोलली असतीस, मग जवळ उभी राहून बघितलंही असतंस. बीअरमध्ये हॉप्स नावाची फुलं उकळतात, कडूपणा आणि वास त्यांचाच. एका पाकिटात अख्खी सुकवलेली फुलं आहेत, त्यांना मी पत्ती म्हणते. दुसऱ्यात तीच फुलं दळून, दाबून केलेल्या गोळ्या. गोळी सोयीची, टिकते, कडूपणाचा आकडा पाकिटावर छापलेला असतो. पत्ती फुगून भांडं अडवते, आणि परदेशातून इथल्या उन्हात येईपर्यंत कधी कधी शिळी झालेली असते. मग नासक्या पनीरसारखा वास मारते. ते पाकिटावर छापत नाहीत, तळहातावर चोळून हुंगावं लागतं. तरी आजवर मी पत्तीच घेत आले, कारण चोळून हुंगणं तुझ्याकडून आलं.

आलं कसलं, तू मला त्यासाठी राबवलंस. तुला वासच येत नव्हता. काळा मसाला भाजायला घेतलास की खाली अंगणात हाक यायची, "खेळणं राहू दे, नाक आण इकडं." मी धापा टाकत वर यायची, तू चिमूटभर दगडफूल चोळून पुढं धरायचीस. "जळकट येऊ लागलंय का गं?" मी हो म्हटलं की कढई खाली. एकदा शाळेतून उशिरा आले, तर खोबरं अर्धं भाजून, स्टोव्ह विझवून तू दारात उभी. "तुझ्याबिगर मला कसं कळावं?" म्हणालीस. भुकेनं चिडले होते, तरी त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं. बाहेरच्या कुणी काही हुंगायला दिलं की मात्र तू पदर नाकाला लावून म्हणायचीस, "सर्दी झालीय." तुझी ती सर्दी जन्मात बरी झाली नाही.

मागच्या तापानंतर माझंही नाक गेलं. येईल परत, म्हणाले डॉक्टर, आलं नाही. आता गोळीच शहाणपणाची, आकडा वाचायचा आणि टाकायची. पण एकदा गोळीवर आले की पत्ती सुटली ती सुटलीच, याची भीती वाटली. शेवटी पत्तीच फोडली, चोळली, नाकाशी धरली. काही नाही, हात नुसते चिकट. तशीच जाऊन समोरच्या आंटींची बेल वाजवली.

"फिर बीर बना रहे क्या?" त्यांनी हसत माझा हात ओढून हुंगला. "अच्छीच है जी. संतरे के छिलके जैसा आरा." मग माझ्याकडे बघत, "तुमको नै आरा?"

"सर्दी है," मी म्हटलं.

घरी येऊन पत्ती उकळीत टाकली. वाफ तोंडावर येते आहे, नुसती गरम. संत्र्याच्या सालीचा वास कसा यायचा ते आठवून बघते आहे. तुला निदान हाक मारायला मी होते, आई. आंटी दारात थांबल्या होत्या, अजून काही विचारणार होत्या बहुतेक, आणि मीच घाईनं दार लावून घेतलं. पुढच्या खेपेला त्या पुन्हा विचारतील. मी पुन्हा सर्दीच सांगेन, असं वाटतं.