शेवटचा हात

सोमवार, ६ जानेवारी

आंतरशालेय चित्रकला स्पर्धेचा विषय आला! 'आमच्या घरचं माणूस कामावर.' दर शाळेची दहा चित्रं, चौथीपर्यंतची मुलं, ३१ तारखेच्या आत पोहोचली पाहिजेत. दहाही चित्रांचे गुण एकत्र करून ढाल कुणाला ते ठरणार. हेडसरांनी पत्रक हातात दिलं आणि एवढंच म्हणाले की यंदाही ढाल हलता कामा नये.

हलतेय कसली! आठ वर्षं ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठाण मांडून बसली आहे. माझ्या आधीच्या बाईंना बारा वर्षांत एकदाही आणता आली नव्हती. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. इथे लिहायला काय हरकत आहे?

बुधवार, ८ जानेवारी

चौथीचे दोन्ही वर्ग घेतले. चित्रकलेच्या खोलीतलं बेसिन पुन्हा तुंबलंय, त्यात सगळे रंग मिसळून एकच चिखली रंग झालाय. मुलं मात्र सुटली आहेत. एकाची आई नर्स, त्याच्या चित्रात इंजेक्शन आईपेक्षा उंच. एकीचे काका केस कापतात, गिऱ्हाइकाला कानच नाहीत. विचारलं तर म्हणाली, "काकांनी हळूच बाजूला ठेवलेत, बाई." हसून हसून पुरेवाट झाली.

एक आहे, तिला सगळे मुंगी म्हणतात. बारीक आहे म्हणून नाही, चित्रं बारीक काढते म्हणून. एवढा मोठा कागद दिला तरी हिचं सगळं जग तळाच्या चार बोटांत. बाकी कागद कोरा. तीन वर्षं मी सांगतेय, "बाळा, कागद भरावा." मान हलवते. भरत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

दहा निवडली. मुंगीचंही घेतलं. हेडसरांच्या भुवया चढल्या, पण त्या तळाच्या पट्टीत काय काय आहे ते त्यांनी पाहिलंच नाही. रस्ता, शाळा, दोरीवरचे कपडे, आणि एक कुत्रं, तीळभर, पण लंगडतंय हे कळतं! लंगडणारं कुत्रं मला आजही इतकं जमणार नाही. वर रिकाम्या जागेत शाईचे की कसले दोन तपकिरी डाग पडलेत. ते झाकता येतील.

रविवार, १९ जानेवारी

आज शेवटचा हात फिरवला. दरवर्षी करते. चित्रं घरी आणते, जेवणाच्या टेबलावर मांडते आणि सकाळपासून बसते. काळी बाह्यरेषा, दोन बोटांची चौकट, आभाळात वरून खाली फिकट होत जाणारा निळा. कोपऱ्यात झाड. पक्षी तीनच, चार झाले की गर्दी वाटते. परीक्षकांना काय आवडतं ते आठ वर्षांत पाठ झालंय. सगळ्याच शाळांत बाई हेच करतात, फक्त माझ्याइतकी सफाई कुणाच्या हातात नाही.

मुंगीच्या चित्रावर सगळ्यात जास्त वेळ गेला. कागद भरता भरता नाकी नऊ आले. पण आभाळ काय उतरलंय! दोन्ही डागांवर एक गुबगुबीत ढग बसवला, आता शोधूनही सापडणार नाहीत. खाली पाच-सहा भलतेच पक्षी होते, पाठ दाखवणारे, रस्त्यावर सांडल्यासारखे. ते रंगात बुजवले आणि वर नीट तीन काढले.

आमचे हे पेपर वाचता वाचता टेबलापाशी आले, सगळी चित्रं पाहिली आणि म्हणाले, "तुझ्या शाळेतली मुलं सगळी सख्खी भावंडं दिसतात." खवचटपणा काही गेला नाही निवृत्त होऊन.

सोमवार, २० जानेवारी

पाठवण्याआधी दहाही चित्रं फळ्यावर लावली. मधल्या सुट्टीत ही गर्दी! पहिलीची पोरं टाचा उंचावून बघत होती. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

मुंगी आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. मग माझ्याकडे येऊन विचारलं, "बाई, माझं नाही निवडलं?"

तिच्याच चित्रासमोर नेऊन उभी केली. खाली तिचं नाव आहे. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यात बाबा नाहीत."

म्हटलं, आधीही नव्हते. ती म्हणाली, "होते. वर. त्यांचे बूट होते."

घंटा झाली म्हणून बरं.

मंगळवार, २१ जानेवारी

डोक्यातून जात नाही. दोन डाग! बूट असे असतात का? आणि समजा असले, तरी नुसते बूट काढून बाकीचा माणूस कुणी कागदाबाहेर ठेवतं का? मी काय अंतर्ज्ञानी आहे? एवढं सुंदर आभाळ दिलं, त्याचं कौतुक राहिलं बाजूला.

आज वर्गात मुंगी कोऱ्या कागदापुढे तासभर नुसती बसली. मी ओरडले नाही.

बुधवार, २२ जानेवारी

तिला खोलीत थांबवून नीट विचारलं. तिचे बाबा क्रेन चालवतात, बाजारामागे उंच इमारत बांधतायत तिथे. वर काचेच्या खोलीत दिवसभर एकटेच. ही कधी वर गेलेली नाही, लहानांना नेत नाहीत. पण रोज संध्याकाळी घरी आले की ते सांगतात, आज वरून काय दिसलं. शाळा दिसली, आपले वाळत घातलेले कपडे दिसले, लंगडं कुत्रं दिसलं. पायाखाली काच आहे, तिथून पक्ष्यांच्या पाठी दिसतात.

म्हणजे तीन वर्षं ही पोरगी बारीक काढत नव्हती, वरून बघत होती. आणि मी म्हणत होते, कागद भर.

शेवटी मीच म्हटलं, "बुटांवर ढग मी काढला. चुकलं माझं." तिने मान हलवली, नेहमीसारखीच.

गुरुवार, २३ जानेवारी

शाळा सुटल्यावर बाजारामागे जाऊन आले. मान दुखेपर्यंत वर पाहिलं. ती काचेची खोली आगपेटीएवढी दिसते. पारव्यांचा थवा आला आणि क्रेनच्या खालून गेला. बराच खालून! या वयात रस्त्यात उभं राहून मी डोळे पुसले. भाजीवाल्याने विचारलं, डोळ्यात काही गेलं का ताई? हो म्हटलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

मुंगीला नवा कागद दिला. सांगितलं, तुला हवं तसं काढ, मी हात लावणार नाही. तिने विचारलं, "चौकटसुद्धा नाही?" चौकटसुद्धा नाही.

हेडसरांना सांगितलं, तर त्यांनी कपाटाकडे पाहिलं. म्हणाले, एका चित्राने ढाल गेली तर? मी म्हटलं, बाकीची नऊ भक्कम आहेत, एका चित्राने जात नाही. हिशेब मीही करून ठेवला होताच.

बुधवार, २९ जानेवारी

झालं. चार दिवस मी हात पाठीमागे बांधून फिरत होते, अक्षरशः. एकदा ब्रश उचललाही होता, ठेवून दिला.

पहिल्यापेक्षा रिकामं. वरच्या कडेला दोन बूट, या वेळी लेससकट. मग नुसता कागद. मग पक्ष्यांच्या पाठी. मग खूप खाली आपण सगळे. शाळेच्या अंगणात एक ठिपका आहे, बोटाने दाखवून म्हणाली, "ह्या तुम्ही." बघताना पडू की काय असं वाटतं. एकवीस वर्षं शिकवतेय, असं चित्र माझ्या वर्गातून निघालं नव्हतं. आणि माझी एक रेघ नाही त्यात! म्हणूनच निघालं असेल.

गुरुवार, ३० जानेवारी

दहा चित्रं रवाना. नऊ आणि एक.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ढाल आपलीच! नववं वर्ष. हेडसरांनी प्रार्थनेनंतर माझं नाव घेतलं, टाळ्या थांबेनात. मुलांनी मला घेरलं, कानाशिवायच्या गिऱ्हाइकाची चित्रकार तर गळ्यातच पडली.

नंतर चित्रं आणि गुणपत्रिका आली. नऊ चित्रांना दहापैकी आठ-नऊ. सगळ्यांपुढे थोड्याफार फरकाने एकच शेरा: रेषेत सफाई, आभाळ विशेष. मुंगीला दोन. 'अपूर्ण. कागद रिकामा. मार्गदर्शनाची गरज.'

मी मुख्य परीक्षकांना फोन लावला. आवाज चढला माझा. ते शांतपणे म्हणाले, "बाई, बाकीच्या नऊ मुलांना तुम्ही किती छान तयार केलंय. हिच्याकडेच कसं दुर्लक्ष झालं?"

मी फोन ठेवला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुंगीला दोन गुण मीच सांगितले. मला धीर होत नव्हता, तिला काही वाटलं नाही. चित्र परत मिळतंय ना, एवढंच विचारलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मुंगीचे बाबा शाळेत आले. कामाच्या बुटांतच, दारातच थांबले. म्हणाले, चित्र वर नेलं, काचेला आतून लावलंय. "मी रोज एवढं सांगायचो, बाई. वाटायचं, पोरगी नुसतं हं हं करते. तिने सगळं पाहिलेलं होतं."

ढालीच्या नऊ वर्षांत एकदाही एवढा अभिमान वाटला नाही मला. आणि अभिमान कसला? तर मी काही केलं नाही त्याचा! घरी यांना सांगितलं. हे हसले नाहीत. चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाले, "मग उरलेल्या नऊ जणांचं काय?"

मंगळवार, १८ फेब्रुवारी

स्पर्धेच्या समितीला पत्र लिहिलं. नऊ चित्रांवर हात माझा आहे, ढाल परत घ्यावी. सही केली. हेडसरांनी वाचलं आणि ते खुर्चीत मागे टेकले. पत्र पाठवून दिलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज नऊही जणांना खोलीत बोलावून खरं सांगितलं. वाटलं, रडतील. नर्सच्या मुलाने हात वर करून विचारलं, "म्हणजे बाई, आता आमचीपण आम्हीच काढायची?"