डबीवरचा दुसरा सैनिक

प्रिय खडूस,

पाकीट हातात घेऊन आधी उलटसुलट करशील, मग तूच मला ठेवलेल्या नावाने म्हणशील, आजोबांना फोन परवडत नाही वाटतं. परवडतो गं. पण फोनवर मी मुद्द्याला येईपर्यंत तू 'बरं, ठेवते' म्हणतेस, आणि गेल्या सव्वा वर्षात तर तेवढंही झालेलं नाही. म्हणून हे कागद काळे करतोय. रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत आणि आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मी एकटा आहे. घरीही एकटाच असतो, पण इथे निदान एकटं असायला कारण असतं. काम आहे म्हणता येतं.

काम खरंच आहे. येत्या गुरुवारी प्रकाशकाची माणसं येणार आहेत आणि मला त्यांच्यासमोर एका कागदावर सही करायची आहे. आपला गेम चालला की नाही चालला, एवढाच प्रश्न आहे. चालला म्हटलं तर दुसरा भाग मंजूर होईल आणि आपली अठरा माणसं टिकतील. नाही म्हटलं तर महिनाअखेरीस हे ऑफिस बंद. त्यांच्या त्या टायवाल्याने फोनवर मला बजावलंय की रकान्यात एकच शब्द हवा, निबंध नको. तुला ठाऊकच आहे, मला निबंधाशिवाय साधं 'हो' म्हणता येत नाही.

सुरुवातीला मला वाटलं, यात अवघड काय आहे? मोठ्या कंपन्या एका जाहिरातीवर जेवढे उडवतात तेवढ्यात आपण अख्खा शूटर गेम केला. दीड लाख प्रती गेल्या की खर्च निघतो, असा आपला हिशेब होता. गेम बाजारात आला त्या आठवड्यात टायवाल्याचा निरोप आला, तीन लाख! आम्ही केक कापला. अक्का, जी आपलं वेळापत्रक सांभाळते आणि ते एक दिवस हललं तरी दिवसभर कुणाशी बोलत नाही, ती चक्क नाचली. मग महिन्याभराने कळलं की तीन लाख हा दुकानांत पाठवलेल्या प्रतींचा आकडा होता. विकलेल्या नव्हे. इतकी वर्षं या धंद्यात काढून आमचं बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी झालं. गेमच्या नव्वद हजार डब्या परत आल्या. त्यांची चाळीस खोकी अजून तुझ्या खिडकीखाली रचलेली आहेत, त्यामुळे ती खिडकी उघडत नाही.

म्हणजे खरा आकडा दोन लाख दहा हजार, त्यातल्याही पुष्कळशा अर्ध्या किमतीला. मोठ्या गेमांच्या शेजारी ठेवलं तर आपण कुठेच नाही. आपल्यासारख्या छोट्यांत ठेवलं तर वासरांत लंगडी गाय शहाणी. आई दर शुक्रवारी फोनवर विचारते, "चालला का रे तुझा गेम?" परवा मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "घातले तेवढे आले ना? मग चालला. एवढं काय त्यात?" आणि लगेच तुझं विचारलं. मी म्हटलं, तिकडच्या नोकरीत रमली आहे. आपलं लग्न मोडलंय हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. खरं तर कुणालाच सांगितलेलं नाही. कागदावर मोडलेलं नाही ना, मग मी का तोंडाने मोडू, असं माझं चाललंय.

आईचं उत्तर लिहून मी मोकळा झालोही असतो. पण टायवाल्याला परत आलेल्या डब्यांचं कारण हवं होतं, म्हणून मी घरोघरच्या कन्सोलकडून येणारी माहिती उघडून बसलो. लोक कुठे मरतात, कुठे कंटाळून बंद करतात, हे टेस्टिंगच्या वेळी तू आणि मी किती हौसेने बघायचो. गेममधल्या तुझ्या पुलावर पहिल्याच फेरीत किती जण पाण्यात पडले, ते मोजून तू टाळ्या पिटायचीस. यावेळी मी एक रकाना पाहिला जो आधी कधी उघडला नव्हता, कन्सोलला किती कंट्रोलर लावले आहेत, म्हणजे किती जण खेळायला बसलेत, तो. दर दहा घरांतल्या चार घरांत गेम सुरू होताना दुसरा कंट्रोलर चालू झाला होता. अर्धा मिनिट, पाऊण मिनिट. कुणीतरी बटणं दाबून पाहिली होती. मग तो बंद झाला आणि पुन्हा कधीच लागला नाही.

मी उठून त्या खोक्यांतली एक डबी काढली. चित्रात दोन सैनिक आहेत गं, पाठीला पाठ लावून उभे. तू असतानाच ते चित्र करून घेतलं होतं आणि नंतर कुणीही बदललं नाही. अठरा माणसांनी, टायवाल्याने, छापणाऱ्याने रोज ती डबी पाहिली आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की आत दुसरा सैनिक पहिल्याच प्रसंगात मरतो. तक्रारींची पत्रं मी आता वाचली. जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच आहे, दुसऱ्याने कसं खेळायचं? एक बाई लिहिते की तिने हा गेम नवऱ्याबरोबर खेळायला घेतला होता, तो आठवड्यातून एकदाच घरी असतो. तिला मी काय उत्तर लिहू?

दोघांचा भाग तुझा होता. आठ महिने तू त्यावर काम केलंस आणि रोज संध्याकाळी आपण टेस्टिंगच्या खोलीतल्या त्या खचलेल्या सोफ्यावर बसून तो खेळायचो. पुलाआधी तू थांबायचीस आणि तुझी निम्मी काडतुसं मला द्यायचीस, कारण मी माझी उधळून बसलेलो असायचो. नंतर तुला तिकडची नोकरी आली. तू विचारलंस, जाऊ का? मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर. मला वाटलं, केवढा मी मोठ्या मनाचा! तुला त्यात 'गेलीस तरी चालेल' एवढंच ऐकू आलं असेल, हे आता कळतं, पण वरातीमागून घोडं.

तू गेल्यावर महिन्याभरात मी दोघांचा भाग काढून टाकला. अक्काकडून कळल्यावर तू फोन केलास, का काढला म्हणून विचारलंस, मी म्हटलं पैसे नव्हते. तू तेवढ्यावर फोन ठेवलास. ते खोटं होतं. पैसे होते. त्या भागासाठी बाजूला ठेवलेली रक्कम पुढे जाहिरातीत गेली. खरं असं झालं की तुझ्या जागी खेळून तपासायला एक नवे टेस्टर आले, चाळिशीचे गृहस्थ, कामाला चोख. आम्ही सोफ्यावर बसलो. पुलापाशी मी थांबलो आणि ते थांबले नाहीत. थांबायचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, गेमच्या नियमात ते कुठे आहे? पलीकडे पोचून ते म्हणाले, "सर, तुम्ही मागे राहिलात." मीटिंगचं निमित्त करून मी बाहेर आलो आणि जिन्यात बसून रडलो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, बजेट नाही. कथा लिहिणाऱ्याला म्हटलं, दुसऱ्याला सुरुवातीलाच मारून टाक. त्या सोफ्यावर तुझ्याशिवाय कुणी माझ्या शेजारी बसणं मला सहन होत नव्हतं, आणि त्यापायी मी चाळीस टक्के घरांतला दुसरा माणूस उठवून लावला.

आता पत्राचं कारण सांगतो. गुरुवारच्या रकान्यात मी 'चालला' लिहिणार आहे, कारण आई म्हणते तेच खरं आहे. त्याला जोडलेल्या पानावर मात्र लिहिलंय की दोघांचा भाग मी पैशांअभावी नव्हे, माझ्या स्वतःच्या कारणासाठी काढला, आणि डब्या परत आल्या त्याही माझ्यामुळेच. हे सगळ्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं. दुसरा भाग दोघांचाच करायचा आहे, तुझे सगळे नकाशे जपून ठेवलेत. तो कोण करणार या ओळीत मला तुझं नाव लिहायचंय, पण तुला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. पत्र कुरियरने पाठवतोय, मंगळवारी पोचेल; हो असेल तर बुधवारपर्यंत अक्काला फोन कर, मला करू नकोस. गुरुवारच्या सहीनंतर लागू होणारा माझा राजीनामा परवा शुक्रवारीच तिच्याकडे दिला आहे, तेव्हा तुला माझ्याशेजारी बसावं लागणार नाही. खोटं कशाला बोलू, 'तूही राहा' असं तू म्हणावंस असं मनात येतंच, पण त्याच्यावर काही अवलंबून ठेवलेलं नाही. तू ये. मी नसेन म्हणून तरी ये.

तू काहीही म्हण, पण तुझाच,
आजोबा