अद्येरी दुपारी येऊन गेली

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची. गादी, बादली, ट्रंक आणि मी, असे चौघे एकाच मोटरसायकलवर बसून टेकडी चढलो. मोटरसायकलवाल्याचं म्हणणं, म्बालेहून देशाच्या या टोकाला नोकरीसाठी येणारी बाई एकतर नवऱ्यावर रुसलेली असते, नाहीतर डोक्याने अर्धी. मी म्हटलं, नवरा नाही, तेव्हा दुसरंच धर. तो इतका हसला की आम्ही चहाच्या मळ्यात कोसळता कोसळता राहिलो.

हॉस्पिस छोटंसं आहे. सहा खाटा, लांब व्हरांडा, आणि ढग सरले तर समोर र्वेंझोरीचा डोंगर. बरं व्हायला इथे कोणी येत नाही. दुखणं सोसवेल इतपत करायचं आणि शेवट नीट होऊ द्यायचा, एवढंच आमचं काम. लोक तोंड वाकडं करतात, करू देत. मला हे काम आवडतं.

मेट्रन कोबुसिंगेबाई साठीच्या आहेत, आवाज खणखणीत. नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझं एम्पाको विचारलं. या टोरो लोकांत जन्माच्या नावाशिवाय प्रत्येकाला एक मायेचं नाव असतं, ते एम्पाको. सगळ्या मुलखात मिळून नावं बाराच, त्यामुळे एक हाक मारली की चौघं वळतात. मला नाही म्हटल्यावर मेट्रन म्हणाल्या, एवढी कॉफी पिकवता तुम्ही म्बालेवाले आणि नावाला मेले कंजूष. रुबोंगोया आजोबांनी तर औषधच नाकारलं. जिला धड हाक मारता येत नाही तिच्या हातचं पिऊ कसं, म्हणे. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या कबाहेंडा आज्जींनी माझा हात हातात घेतला, उलटासुलटा केला आणि जाहीर केलं की ही अद्येरी. संध्याकाळी सगळ्यांबरोबर एका ताटात नाचणीचा गोळा नि घेवडा खाल्ला. म्हणजे जन्माच्या नावाने मी नांदुदू होते, आता अद्येरीही झाले.

११ फेब्रुवारी

दिवस कुठे उगवतो नि कुठे मावळतो कळत नाही. मॉर्फिनचं हिरवं पाणी दर चार तासांनी द्यायचं, निजताना दुप्पट, म्हणजे रात्री झोप लागते. त्याने पोट साफ होत नाही, म्हणून पपईच्या बिया चावायला द्यायच्या. त्यावर आजोबा म्हणतात, राजाच्या मुलखात जन्मलो आणि मरताना माकडाचं खाणं. ज्या जखमांना वास येतो त्यांच्यावर गोळ्या कुटून भुकटी टाकायची, कूस बदलायची, तोंड पुसायचं.

दुसरी नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा मी आणि मेट्रन, दोघीच. पाय सुजतात. कुठेही टेकलं की डोळा लागतो.

खिडकीजवळ न्याकातो आहे. मळ्यात चहा खुडायची, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, वय चाळीससुद्धा नाही. तिची मुलगी केंगोंझी दुबईत घरकाम करते, महिनाअखेर सुटी मिळणार आहे. मला तेवढं जगव, असं न्याकातोने मला सांगितलं, जशी ती गोष्ट माझ्याच हातात आहे. मी हो म्हणून बसले. असं हो म्हणू नये, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय.

१८ फेब्रुवारी

औषध आणायला दिवसभर गावात होते. संध्याकाळी आले तर आजोबा खूश. दुपारी बसलीस, पाठ चोळलीस, पोटच्या पोरीनेही इतकं केलं नसतं, असं म्हणाले. मी म्हटलं, दुसरी कोणी अद्येरी असेल, बारा नावांत घोळ व्हायचाच. पण मेट्रनना विचारलं तर इथे अद्येरी मी एकटीच, आणि त्या दुपारभर स्वयंपाकघरात होत्या.

म्हाताऱ्या माणसाला भास होतात. झोपायला हवं.

१९ फेब्रुवारी

आजोबा सकाळी गेले. औषधाचा डोस चुकलेला, तरी कण्हणं नाही, काही नाही. इतकं सोपं मरण मी पाहिलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

कबाहेंडा आज्जींची अंघोळ उरली होती. मी दुपारी व्हरांड्यात क्षणभर बसले आणि बसल्याबसल्या झोपले. दचकून आत गेले तर आज्जी न्हालेल्या, केस विंचरलेले, चादर बदललेली. चादरीचे कोपरे माझ्यासारखे दुमडलेले. आज्जी म्हणाल्या, आत्ता तर गेलीस, परत कशाला आलीस?

मी काय केलं? चहा केला. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. एक काम कमी झालं, एवढंच डोक्यात आलं. दमलेल्या माणसाला भीतीही उशिराच वाटते.

२४ फेब्रुवारी

आज्जी गेल्या. हसत.

२६ फेब्रुवारी

रस्ता खचला, औषधाची गाडी आलेली नाही. हिरवं पाणी संपलं. किसेम्बो नावाचा ट्रकवाला आहे, हाडात पसरलेला कॅन्सर. सकाळपासून ओरडत होता. ते ऐकणं माझ्याच्याने होईना. दुपारी व्हरांड्यात गेले, कान झाकले आणि मनातल्या मनात म्हटलं, अद्येरी, असशील तर ये बाई, माझ्यात काही उरलं नाही.

ओरडणं थांबलं. वर्षानुवर्षांचा गोंगाट थांबावा तसं. आत गेले तर तो शांत पडलेला, कपाळावर ओला कपडा, श्वास लांब लांब. संध्याकाळी गेला.

मी बोलावलं तिला. मी.

मेट्रनना सगळं सांगितलं. वाटलं हसतील. त्या चहात साखर ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या की इथे फार दमणाऱ्या बाईला मदत मिळते, माझ्या जागी आधी होती त्या नर्सलाही मिळायची. तिचं काय झालं विचारलं. एका दुपारी पाचव्या खाटेवर जरा आडवी झाली, एवढंच म्हणाल्या. पाचव्या खाटेवर त्या पेशंट का ठेवत नाहीत ते आज कळलं.

लेक येईपर्यंत न्याकातोला तिच्यापासून कसं राखू, ते मी विचारलं. तेव्हा मात्र त्यांनी चमचा खाली ठेवला.

"एका खाटेपाशी दोन अद्येरी मी कधी पाहिल्या नाहीत. तू उठलीस की ती बसते. तेव्हा उठू नकोस, पोरी. आणि झोपू तर मुळीच नकोस."

२७ फेब्रुवारी

औषध आलं. न्याकातोचं दुखणं आटोक्यात आहे. केंगोंझीला विमानाचं तिकीट मिळालं, दोन तारखेला एन्टेबेच्या विमानतळावर उतरेल, मग बस. मी न्याकातोच्या उशाशी खुर्ची टाकली आहे. बाकीचं मेट्रन बघतात. रात्री त्या खुर्चीत बसतात तेव्हा मी थोडी झोपते. रात्रीचं काही नसतं. ती दुपारची येते.

आज न्याकातो माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. कोण आहे, विचारलं. तिला सांगायचं नव्हतं. मग म्हणाली,

"तुझ्यासारखीच आहे. फक्त दमलेली नाही."

मी वळून पाहिलं नाही.

२८ फेब्रुवारी

मेट्रन तापाने पडल्या. मलेरिया. आता मी एकटी. जागं राहायचं म्हणून ही वही मांडीवर घेतली आहे. एका हातात न्याकातोचा हात, दुसऱ्यात पेन.

दुपारी पाठीमागे बादलीचा आवाज. पाणी ओतल्याचा. दुसऱ्या खाटेवरच्या बाईने अद्येरी म्हणून हाक मारली. मी ओ दिली, तर म्हणाली, तू नाही गं, ती.

न्याकातो घाबरली आहे. मरणाला नाही, लेक यायच्या आत मरणाला. मीही.

१ मार्च

दुसरी खाट सकाळी रिकामी झाली. मी न्याकातोजवळून उठले नाही. त्या बाईलाही कोणाची वाट बघायची असेल, मी विचारलंच नव्हतं.

डोळ्यात मिरची घातल्यासारखं होतंय. वेशीवरून गाव दिसावं तशी झोप समोर दिसते.

आज पाहिलं तिला. दारात. माझा गणवेश, इस्त्रीचा. माझा चेहरा. म्बालेहून निघताना आईने आरशापुढे उभं केलं होतं, तेव्हा मी अशी दिसत होते. डोळ्यात दया आहे तिच्या. दुष्ट असती तर बरं झालं असतं, शिव्या देता आल्या असत्या.

न्याकातोने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, नको सोडू. नाही सोडणार.

२ मार्च

केंगोंझीचा फोन. उतरली. बसमध्ये बसली. आईला द्या म्हणाली. न्याकातोला बोलवत नाही, तिने फक्त श्वास ऐकवला.

दुपार

ती आत आली आहे. घमेलं घेऊन. न्याकातोच्या त्या बाजूला थांबली, पुढे येत नाही. मी इथे आहे तोवर—

केंगोंझीच्या बसने क्येंजोजो गाव ओलांडलं म्हणे. आता फार नाही.

झोप. मान पडली. उचलली. न्याकातो जिवंत आहे. जिवंत आहे.

अजून दुपारच

तिकडून वळली. माझ्याकडे आली. खाली बसली, माझे बूट काढले. कोमट पाणी. कोणी माझे पाय धुतलेत असं मला आठवत नाही—

उठायला हवं. पळायला हवं. पण उठले की ती या खुर्चीत बसणार. आणि केंगोंझी अजून वाटेत.

नाही उठत. धू बाई. काय धुवायचं ते धू. हिला हात लावू नकोस.

दुखणं गेलं पायांचं. कंबरेचंही. किती दिवसांनी. तेच वाईट. आता कळतंय आज्जी का हसत होत्या—

मोटरसायकल. फाटक. चपलांचा आवाज.

आली. दारात उभी आहे, बॅग हातातच, रडतेय. न्याकातोने डोळे उघडले. केंगोंझी, अशी हाक मारली तिने. स्पष्ट म्हणाली. हात सोडला माझा आणि लेकीचा धरला—

झालं. झालं माझं काम. मला इतकं रडू येतंय. आता उठते, दोघींना एकटं—

पाय उठत नाहीत.

केंगोंझी माझ्याशी बोलत नाहीये. माझ्या डोक्यावरून बघतेय. म्हणतेय, अद्येरी, तुम्ही माझ्या आईला सांभाळलंत, तुमचे उपकार— आणि मागून माझाच आवाज. ताजा. झोप झालेला—

न्याकातो सांगतेय तिला, नाही, ही नाही, ती, खुर्चीतली— आवाज फुटत नाही तिचा—

मी नांदुदू. मी नर्स. ओरडतेय मी. ओरडतेय ना?

केंगोंझीने आत्ता माझ्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, ही बिचारी कोण, हिचं कोणी आलं नाही का?

ती म्हणाली, हिचं कोणी यायचं नाहीये. तुम्ही बसा आईजवळ. हिला मी आता