होंगेच्या फांद्या

सरस्वतीपुरम, मैसूर
१८ मे १९९९

चि. व्यासराजास,

कृष्णवेणीअक्काचे अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी बरी आहे. तुझ्या लेकीबरोबर, नागरत्नाबरोबर, आंब्याचं लोणचं पाठवलं होतं. पोचलं असं कळवलं नाहीस, पण बरणी रिकामी परत आली, त्यात मी समाधान मानलं.

पत्राचं कारण वेगळं आहे. आपल्या शाळेत यंदा पाच जूनला पर्यावरण दिनाची पंचविशी आहे. हा दिवस शाळेत सुरू करणाऱ्या मुख्याध्यापिका म्हणून मला शाल देणार आहेत, वर भाषणही करायचंय.

सुरू कोणी केला, ते तुला नि मला ठाऊक आहे. चौऱ्याहत्तर साली तू तिथे सायन्स मास्तर होतास. रेडिओवर ऐकून माझ्या खोलीत धावत आलास. "अक्का, स्टॉकहोमला सगळ्या देशांनी पृथ्वीसाठी एक दिवस ठरवलाय! आपणही करूया की."

"पृथ्वीचा वाढदिवस का रे?"

"नगबेड अक्का! हसण्यावारी नेऊ नको."

मग आठ दिवस मुलांकडून घोषणा घोकून घेतल्यास. चामराजपुरमहून सायकलच्या कॅरिअरला रोपं बांधून यायचास, अर्धी माती तुझ्या धोतरावर. किती आनंदात होतास तू! तसा तू मला पुन्हा दिसला नाहीस.

आपल्याकडे कार्य म्हटलं की हिरवा मांडव हवाच. त्यात पाहुणे मोठे साहेब. मी शिपाई वेंकोबाला फाटकाजवळच्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाच्या फांद्या आणायला सांगितलं. त्याने झाड पार बोडकं केलं. "झाडं तोडू नका" म्हणत तुझी फेरी आत आली, ती त्याच फांद्यांखाली. मुलं खो खो हसली.

इथपर्यंत मी ही गोष्ट चारचौघांत गंमत म्हणून सांगते. पुढचं कधी सांगत नाही.

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "यारु कडिसिद्दु?" कोणी तोडायला लावलं? आणि मी म्हणाले, "आमच्या सायन्स मास्तरांनी."

तू मागेच उभा होतास. भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवलास. महिन्याभरात नोकरी सोडून पिरियापट्टण गाठलंस. आईच्या श्राद्धाला येतोस, पण माझ्याशी बोलणं "मीठ वाढ" एवढंच.

मी चुकले, व्यासू. भ्याले, आणि धाकटा भाऊ हाताशी होता. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायचं धाडस झालं नसतं.

पाच जूनला हे सगळं माईकवर सांगणार आहे. तू आलास तरी, न आलास तरी. पण शाल तुझी आहे, ती मी अंगावर घेणार नाही. तो कागद उंदरांनी खाल्ला नसेल तर घेऊन ये. भाषण तुझंच राहिलंय.

मांडव घालू नका, असं शाळेला बजावलंय. फाटक रुंद करताना त्या बोडक्या झाडाची कोणालाच दया आली नाही, तेव्हा तिथे आता सावली नाही. येताना छत्री आण. माझ्याजवळ एकच आहे, पण तीत दोघं मावू.

तुझी वाट पाहणारी,
अक्का